वाळवंटातलं बी सगळंच का उगवत नाही?

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहराला लागून टुमामॉक नावाची टेकडी आहे. तिथल्या वाळवंटी जमिनीत एका हंगामात जगून संपणारी चिमुकली रोपं उगवतात. लॉरेन्स व्हेनेबल आणि सहकाऱ्यांनी १९८२ पासून त्यांची वर्षानुवर्षं मोजदाद केली. चांगला पाऊस पडूनही जमिनीतलं सगळं बी वर येत नाही. काही मातीतच पडून राहतं.

हा आळस नव्हे, हिशेब आहे. इस्रायलच्या डॅन कोहेन यांनी तो १९६६ मध्ये मांडला. समजा, सुकाळात एका रोपापासून ४ बिया मिळतात, दुष्काळात एकही नाही. आणि न उगवलेल्या बियांपैकी ९० टक्के वर्षभर टिकतात. शंभरच्या शंभर बिया उगवल्या तर सुकाळात ४०० होतील, पुढच्या दुष्काळात शून्य. निम्म्याच उगवल्या तर सुकाळात २४५, दुष्काळानंतरही ११० उरतील. सुकाळ-दुष्काळ निम्मे-निम्मे धरून वर्षाची सरासरी काढली तर पहिला मार्ग दुप्पट वाढीचा, दुसरा दीडपटीहूनही कमी. तरी निर्वंश होतो तो पहिलाच! पिढ्या गुणाकाराने चालतात. तिथे साध्या सरासरीवर विसंबणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

वंशवाढीच्या या गणिताला ‘ब्रांचिंग प्रोसेस’ म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ मध्ये आडनावं नामशेष का होतात, असा प्रश्न विचारला होता. हेन्री वॉटसन यांनी उत्तर काढलं, पण प्रत्येक घराणं बुडणारच, असा चुकीचा निष्कर्षही त्यात होता. शिवाय काळ सदा सारखाच, हे त्यात गृहीत होतं. बदलत्या परिस्थितीचा विचार स्मिथ आणि विल्किन्सन यांनी १९६९ मध्ये केला, आणि १९७१ मध्ये कृष्णा अथ्रेया व सॅम्युअल कार्लिन यांनी तो पुढे नेला.

जीवांचे प्रकार एकाहून जास्त असले, की खरी गंमत सुरू होते. ‘अ’ प्रकारचा जीव ओल्या वर्षी दोन ‘ब’ जन्माला घालून संपतो आणि कोरड्या वर्षी नुसताच मरतो. ‘ब’चं उलट: कोरड्या वर्षी दोन ‘अ’, ओल्या वर्षी काहीच नाही. एका ‘अ’पासून सुरुवात केली आणि सलग ओली वर्षं आली तर वंश दुसऱ्याच वर्षी खलास. सलग कोरडी आली तर पहिल्याच वर्षी. पण आधी ओलं, मग कोरडं, असं आलटून पालटून आलं तर एका ‘अ’चे दोन वर्षांत चार होतात! क्रम उलटा झाला, की तोच ‘अ’ लगेच संपतो. म्हणजे वर्षं किती चांगली, किती वाईट एवढंच मोजून भागत नाही. ती कोणत्या क्रमाने आली, हेही पाहावं लागतं. असे जीव मॅट्रिक्सच्या, म्हणजे आकड्यांच्या चौकटींच्या, गुणाकाराने मोजतात, आणि तिथे क्रम बदलला की उत्तर बदलतं. अशा यादृच्छिक गुणाकारांचा दीर्घकालीन वेग ठरलेला असतो, हे फुर्स्टेनबर्ग आणि केस्टेन यांनी १९६० मध्येच दाखवलं होतं. मात्र तो वेग कागदावर नेमका काढणं बहुधा जमत नाही. संगणकाला जुंपावं लागतं.

टूसॉनच्या रोपांनी मात्र कोहेन यांच्या तर्काला पुष्टी दिली. व्हेनेबल यांनी २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: ज्या जातींचं पीक वर्षागणिक जास्त हेलकावे खातं, त्यांचं बी उगवण्याचं प्रमाण कमी असतं.