जोगांचा गज

व्हायोलिनवर लिहायला बसलं की मंडळी मेन्युहिनपासून सुरुवात करतात. १९५२ सालची त्यांची भारतभेट आणि रविशंकरांबरोबरची ती १९६७ची तबकडी वाचकांना पाठ आहे. आम्हां भोपाळकरांना मैहर जवळचं, म्हणून मी तिथून सुरुवात करतो. अल्लाउद्दीन खाँसाहेब कलकत्त्यात लोबो नावाच्या गोवेकर बँडमास्तरांकडे व्हायोलिन शिकले होते. पुढे मैहर दरबारच्या या खाँसाहेबांची तालीम विष्णु गोविंद जोगांना मिळाली. युरोपचं वाद्य असं गोवेकराच्या हातून मैहरला पोचलं आणि जोगांनी ते आपल्या बोलीत युरोप-अमेरिकेला नेऊन ऐकवलं.

जोगांचा जन्म १९२२चा. लखनौला रातंजनकरबुवांचा सहवास, तिथेच अध्यापन, मग कलकत्ता आकाशवाणी, १९८३ साली पद्मभूषण. हे सगळं कोशात सापडतं. त्यांचा गज मात्र ऐकावाच लागतो.

आमच्याकडचे काही जाणकार बजावतात की व्हायोलिननं गायचं, बाकी सगळी कसरत. गजाननबुवा, दातार, राजमबाई या गायकी अंगानं व्हायोलिन वाजवणाऱ्यांपुढे मीही हात जोडतो. दातारांच्या मींडेत शब्द ऐकू येतात. पण म्हणून तंतकारी, म्हणजे गाण्याऐवजी बोल आणि लयीच्या अंगानं वाजवणं, हलकी कशी ठरते? बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरची जोगांची जुगलबंदी काढून ऐका. सनई दमसासावर सूर लांबवते. जोग तिची नक्कल करत नाहीत. गजाच्या टोकाशी इंच-दोन इंचांत बोल तोडतात, आवर्तनभर लयीशी खेळतात आणि तिहाई अशी समेवर आणतात की तबलजीलाही दाद द्यावीशी वाटावी. परक्या मुलखातल्या ज्या श्रोत्याला बंदिशीचा शब्द कळत नाही, त्यालाही ही सम कळते. जोगांचं व्हायोलिन बाहेर रुजलं ते या लयीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

 

ही लय गजात यायची तर आधी बैठक हवी. मी व्हायोलिन शिकलो तेव्हा गुरुजींनी पहिला महिनाभर फक्त बैठक घडवली. वाद्याचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवायचं, म्हणजे वाद्य सांभाळायचा भार डाव्या हातावर येत नाही आणि बोट तारेवर बेलाशक सरकतं. तारा सा-प-सा-प. मग षड्जावर नुसता गज, टाचेपासून टोकापर्यंत, आवाज न कापता.

आमच्या भोपाळचं भारत भवन १९८२ साली उघडलं, तेव्हा तळ्याकाठी बसून रात्र-रात्र ऐकणारे आम्ही होतो. आता व्हायोलिन मंचावर येतं ते ड्रम आणि की-बोर्डाच्या मध्ये, उभ्यानं, माइकची वायर लावून. माझ्याकडे येणारी मुलं मींड चांगली घेतात, पण झपतालात तिहाई मागितली की थांबतात. मागच्या रविवारी एकीला जोगांची तबकडी लावून दिली आणि म्हटलं, सूर राहू दे, नुसते गज मोज. तिसऱ्या आवर्तनात तिचा हिशेब चुकला. तिनं स्वतःच उठून सुई मागे नेली.