बिलगावनंतरची वीस वर्षं

‘स्वदेस’ हा चित्रपट 2004 मध्ये आला. गावकरी राबून स्वतःची वीज तयार करतात, तो प्रसंग आजही लोकांना आठवतो. त्या कथेचा एक धागा धडगाव तालुक्यातल्या बिलगावशी जोडला जातो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

जानेवारी 2003 मध्ये तिथे उदई नदीच्या धबधब्यावर 15 किलोवॉटचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. धबधब्याच्या वर छोटा बंधारा, तिथून चर, मग पाइपमधून खाली टर्बाइनवर आदळणारं पाणी. आराखडा केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या अभियंत्यांचा, अंगमेहनत गावाची. शेतात किंवा घर बांधायला एकमेकांकडे ‘लाह’ जाण्याची, म्हणजे मदतीला राबायला जाण्याची रीत या डोंगरात जुनीच. तीच इथे उपयोगी पडली. 2006 च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि सारं बुडालं. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांचं कौतुक झालं, ते रास्तच. दगड वाहणाऱ्यांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही.

जंगलाची गोष्ट याहून अजब. महाराष्ट्रातली 33 गावं सरदार सरोवर धरणाने बाधित झाली. विस्थापितांना जमीन द्यायची म्हणून 1990 मध्ये तळोद्याचं 2,700 हेक्टर राखीव जंगल मोकळं करायला केंद्राने परवानगी दिली. म्हणजे एक जंगल पाण्याखाली, दुसरं कुऱ्हाडीखाली. आणि जंगल संपवल्याचा बोल पुन्हा आदिवासींनाच!

बिलगावचा प्रकल्प बुडाला त्याच वर्षाच्या डिसेंबरात वनहक्क कायदा संमत झाला. आपलं सामूहिक वन राखायचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. माझ्या मते धडगावच्या संवर्धनाचं खरं वळण हेच. पूर्वी जंगल राखणं म्हणजे गार्डाची नजर चुकवणं किंवा त्याची मर्जी सांभाळणं. आता कुठल्या भागात चराई बंद ठेवायची, हे ग्रामसभा ठरवू शकते. हरणखुरीसारख्या गावात ‘बाएफ’ या संस्थेच्या साथीने ज्वारी-मक्याच्या गावठी वाणांची बियाणे बँकही उभी राहिली.

अडचण आहे ती मनुष्यबळाची. मोहाची फुलं वेचायची म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. वारा आला की ती आग डोंगर चढते. ती अडवायला जाळरेषा काढाव्या लागतात, म्हणजे जमिनीचा पट्टा पाला झाडून साफ ठेवायचा. हे काम उन्हाळ्याच्या तोंडाशी करायचं. पण दिवाळीनंतर धडगावची कितीतरी तरणी माणसं गुजरातेत ऊसतोडीला आणि बांधकामावर गेलेली असतात. होळीला येतात, त्यातली काही पुन्हा जातात. मागे उरलेल्या म्हाताऱ्यांनी आणि बायकांनी जाळरेषा फुकट काढाव्यात, ही अपेक्षा ठेवणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, की हे काम रोजगार हमीच्या आराखड्यात घालायला कुणी आडकाठी केली आहे का?