ऋषींचे धान्य, आपली वाटी

नांगराशिवाय उगवलेले आणि बैलाच्या कष्टाशिवाय हाती आलेले अन्न ऋषिपंचमीला खावे, असा आपल्याकडे परिपाठ आहे. त्या एका दिवसापुरता देवभात शोधला जातो. दुसऱ्या दिवशी त्याची आठवणही कोणाला राहत नाही. अलीकडे मात्र रानचा भात पंचांगातून निघून आहारशास्त्राच्या दरबारात दाखल झाला आहे. 'वाइल्ड राइस' असे भारदस्त नाव धारण करून तो चकचकीत पुडक्यांत विराजमान होतो, आणि त्याचे मोल ऐकून गृहिणीच्या हातची पिशवी गळून पडते!

सक्करदऱ्यातील आमच्या घरी हा प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता. सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांचे माहेर साकोलीकडचे, म्हणजे तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखातले. पोळीला त्या जेवण म्हणतच नाहीत. नातवाने अमेरिकेहून काळ्या, लांबट दाण्यांचे पुडके पाठविले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "सूनबाई, हा तं बिनपेऱ्याचा भात. मंग पोटभर खाल्ला तं चालन नं?" मराठी शिकविणाऱ्या बाईने यावर काय सांगावे? आधी शब्दाचा अर्थ पाहावा, एवढे मला सुचले.

अर्थ पाहिला आणि एका नावाआड दोन धान्ये निघाली. पुडक्यातले काळे दाणे आपल्या साळीचे नव्हेत. उत्तर अमेरिकेतील सरोवरांत उगवणाऱ्या 'झिझानिया' नावाच्या गवताचे ते बी. तेथील ओजिब्वे लोक त्याला 'मनूमिन' म्हणतात आणि होडीतून हिंडत, काठीने झोडून ते गोळा करतात. आपला रानभात म्हणजे 'नीवार' आणि त्याच्या जवळच्या रानसाळी. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात पोपटांच्या ढोलींतून गळलेले जे दाणे झाडांखाली पडलेले दिसतात, ते नीवाराचेच. १९६५ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनीही हेच नाव स्वीकारून या साळीला 'ओरायझा निवारा' म्हटले. भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलावांत ती 'देवधान' म्हणून ओळखली जाते. पिकताच तिचा दाणा गळतो, म्हणून कापणीवाल्याची ती वाट पाहत नाही. ढीवर समाजाच्या बाया पाण्यात उतरून ती जमा करतात. दाण्याला लांब कुसळ असते. ते नीट काढले नाही तर घशाला टोचते.

आता गुणांचा हिशेब. अमेरिकी धान्याच्या १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांत सुमारे १५ ग्रॅम प्रथिने असतात. आपल्या पांढऱ्या तांदळात ती साधारण ७ ग्रॅम. चोथाही त्यात बराच जास्त. परंतु पिष्टमय पदार्थ पाहा: तेथे ७५ ग्रॅम, येथे ७८ ते ८०. साखरेचा मुद्दा येथेच येतो. चोथ्यामुळे ती थोडी सावकाश चढेल, पण चढायची राहणार नाही. शिवाय हा तक्ता झिझानियाचा आहे. तो देवधानाच्या पोत्यावर चिकटविणे म्हणजे शेजाऱ्याच्या पत्रिकेवरून आपल्या मुलाचे लग्न ठरविण्यासारखे आहे!

देवधानाचा मोठा गुण त्याच्या कोंड्यात आहे. जावा बेटावर आइकमन या डच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाहिले की, सडीक तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ मिळताच त्या बऱ्या होतात. तेच पुढे 'ब' जीवनसत्त्व ठरले आणि १९२९ साली आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हातसडीचा साधा तांदूळही हा गुण देतो. त्यासाठी रानात जावे लागत नाही.

दोषही त्याच कोंड्यात दडलेले आहेत. त्यातील फायटिक आम्ल आणि तांबड्या दाण्यातील तुरट द्रव्य लोह शरीरास लागू देत नाहीत. म्हणून पानात लिंबू हवे. कोंड्यातील तेल लवकर खवट होते. वर्षाची बेगमी करू नये. पाण्यातील सोमल तांदूळ शोषून घेतो, आणि तोही कोंड्यात अधिक साठतो. भात भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी ओतून टाकल्यास सोमल कमी होतो. शहरातील ज्या तळ्यांत सांडपाणी मिसळते, तेथील रानसाळ कोणी कितीही पवित्र म्हणून दिली तरी घरात घेऊ नये. दाणा चिवट, रात्रभर भिजवावा, मऊ शिजवावा. म्हाताऱ्या माणसांच्या दातांचा आणि पोटाचा विचार आधी करावा.

सासूबाईंना मी एवढेच सांगितले: भात बंद नाही, पण वाटी एक. सोबत घट्ट वरण, कारण भातात कमी पडणारे लायसिन डाळ पुरविते, शिवाय पालेभाजी. डॉक्टरांची गोळी मात्र कुठल्याही भाताच्या भरवशावर सोडायची नाही. त्या दोन दिवस रुसल्या. मग वाटी दाबून भरू लागल्या. तोडगा त्यांचाच!

नीवाराचे आपल्यावर आणखी एक ऋण आहे. १९७० च्या सुमारास आशियातील भातशेतीवर तुडतुड्यांमुळे पसरणारा खुरट्या रोग आला, तेव्हा उत्तर प्रदेशातील नीवाराच्या एका वाणात त्यास तोंड देण्याची शक्ती सापडली. संकरातून ती लागवडीच्या भातात उतरविण्यात आली. ऋषींच्या या धान्याने कोट्यवधींच्या ताटातला भात राखला आहे. आपण त्याचा उगवता तलाव राखावा आणि आपल्या वाटीचे माप राखावे, हे बरे.