तोंड आलं म्हणून ‘लाईट’ बंद करू नका!

पानठेल्यावर घोटलेला खर्रा पन्नीत बांधून पुरुषांच्या खिशात, आणि बायांच्या कमरेला तंबाखूची पुडी. बोरी अरबला काय नि दारव्ह्याला काय, यात कुणाला नवल वाटत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, खर्रा मात्र घोटला जातोच. त्याची किंमत पुढे गालाच्या, जिभेच्या कॅन्सरने मोजावी लागते. पण मैत्रिणींनो, आज लिहायचंय ते त्यानंतरच्या सहा-सात आठवड्यांबद्दल. कारण ते निभावायचे असतात घरातल्या बाईलाच.

किरणोपचारांना आपल्याकडे सरळ ‘लाईट घेणं’ किंवा ‘शेक’ म्हणतात. नागपूर नाहीतर सेवाग्रामला राहायचं, आठवड्यातले पाच दिवस, साधारण ३० ते ३५ वेळा लाईट. पहिले काही दिवस बरे जातात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं. किरणांनी कॅन्सरच्या पेशी मरतात, तशा तोंडाच्या अस्तरातल्या भराभर नव्या होणाऱ्या पेशीही मरतात. तोंड सोलून निघतं, लाळ आटते, पाण्याचा घोटही झोंबतो. मग पेशंट म्हणतो, ‘बस झालं, घरी चला.’ घरच्यांचाही जीव कळवळतो. नेमका इथंच घात होतो. मध्ये खंड पडला की उरलेल्या कॅन्सरपेशी पुन्हा वाढू लागतात. उपचार लांबेल तसा दर दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता एखाद्या टक्क्याने घटते, असं डॉक्टर सांगतात.

तयारी लाईट सुरू होण्याआधीच हवी. दातांच्या डॉक्टरांना दाखवून किडलेले दात काढून घ्यायचे, आणि जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यायचे. खर्रा, बिडी, दारू त्याच दिवशी बंद. मिश्री, मंजन, तुरटीच्या गुळण्या नकोत. मऊ ब्रश वापरा.

औषधाइतकंच महत्त्व साध्या गुळण्यांना. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा. जागेपणी दर दोन तासांनी. कंटाळा येतो, पण हे सोडू नका. बेंझिडामाइनच्या गुळण्या, दुखणं जास्त असेल तर मॉर्फिनसुद्धा डॉक्टर देतात. मॉर्फिनचं नाव ऐकून घाबरू नका, दुखणं थांबलं तरच घास जातो. काही मोठ्या हॉस्पिटलांत सौम्य लेसरचा शेकही मिळतो, विचारून पाहा. मधाचा उपयोग होतो असं २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. डायबेटिस असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. आणि मध घेतल्यावर चूळ भरायची.

ठेचा, लिंबू, पापड, भाकरीचा कोरडा काठ, कढत चहा काही दिवस विसरा. मुगाची आसट खिचडी तूप घालून, ज्वारीच्या कण्या दुधात शिजवून, गोड दही, शिरा, अंडं फेटून मऊ शिजवलेलं. थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. वजन उतरत चाललं तर नाकातून नळी घालतात. ‘नळी म्हणजे शेवट’ असं शेजारपाजारचे म्हणतील, लक्ष देऊ नका. ती तात्पुरती असते.

ताप आला, तोंडात पांढरा थर बसला, पाणीही गिळता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. लाईट संपल्यावर तोंड बहुधा दोन ते सहा आठवड्यांत बरं होतं, लाळ यायला मात्र महिने लागतात. आणि पुढे कधीही दात दुखला तरी ‘लाईट घेतलीय’ हे सांगितल्याशिवाय दात काढायचा नाही. जबड्याचं हाड सडू शकतं.