इंग्रजीतला साधा वर्तमानकाळ कधी वापरायचा?

इंग्रजी शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, हा एक काळ पक्का करा, रोजचं बोलणं खूप सोपं होईल!

✅ सवय: आय ड्रिंक टी एव्हरी मॉर्निंग.
✅ कायमचं सत्य: द सन राइजेस इन द ईस्ट.
✅ ठरलेलं वेळापत्रक: द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स टुमारो. गोष्ट उद्याची, तरी काळ वर्तमान! मराठीतही आपण 'गाडी उद्या सहाला सुटते' असंच म्हणतो.
✅ माहीत असणं, आवडणं, हवं असणं: आय नो हिम. इथे 'आय ॲम नोइंग' चालत नाही.

आता हमखास निसटणारा 'एस'. कर्ता ही, शी, इट किंवा एकवचनी नाम असेल, तर क्रियापदाला 'एस' किंवा 'ईएस' लागतो: शी वर्क्स. पण नकारात किंवा प्रश्नात 'डझ' आलं, की 'एस' त्यातच सामावतो आणि मूळ क्रियापद साधं राहतं: शी डझ नॉट वर्क. डझ शी वर्क? म्हणून 'डझ शी वर्क्स' चूक.

आजच घरातल्या प्रत्येकाच्या सवयींवर पाच-पाच वाक्यं लिहा आणि मोठ्यानं वाचा. कमेंटमध्येही टाका, मी नक्की तपासून देईन!