सांभाळणाऱ्या हातांची नोंद

सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. नवीन पनवेलच्या सेक्टरांतील रस्त्यांवर दूधवाल्यांची आणि स्टेशन गाठणाऱ्या नोकरदारांची लगबग सुरू झालेली असते. अशा वेळी एखाद्या इमारतीच्या फाटकातून तिशीचा एक तरुण आणि त्याच्या सोबतीला एक मदतनीस फिरावयास बाहेर पडतो. रस्ता ठरलेला, वळणे ठरलेली. एखाद्या दिवशी तोच रस्ता खोदून ठेवलेला आढळला, की तरुण थबकतो, कानांवर हात घेतो, जागच्या जागी झुलू लागतो. येणारे-जाणारे वळून पाहतात. मदतनीस मात्र त्याला ओढत नाही की दटावत नाही. तो थोडा बाजूस उभा राहतो, मोजके शब्द बोलतो, खिशातील छोट्या वहीत नव्या रस्त्याची रेघ काढून दाखवतो आणि वाट पाहतो. दहा मिनिटांनी दोघेही दुसऱ्या रस्त्याने पुढे निघतात.

पाहणाऱ्यास यात विशेष काही घडल्यासारखे वाटत नाही. वस्तुतः त्या दहा मिनिटांत एक अत्यंत कुशल काम पार पडलेले असते. स्वमग्न प्रौढांना सांभाळणाऱ्या मदतनिसांचे बहुतेक काम असेच असते. ते उत्तम झाले, की दिसेनासे होते. आणि जे दिसत नाही, त्याचा सन्मान कोणी करीत नाही.

स्वमग्नता, अर्थात ऑटिझम, हा मानसिक आजार नव्हे आणि आईवडिलांच्या संगोपनातील दोष तर नव्हेच. मेंदूच्या विकासातील ही भिन्नता आयुष्यभर सोबत राहते. बोलणे, इतरांचे हावभाव समजणे, आवाज, प्रकाश किंवा स्पर्श सहन होणे, ठरलेल्या क्रमातील बदल स्वीकारणे यांत या व्यक्तींना कमी-अधिक अडचण येते. कोणी पदवीधर होऊन नोकरी करतो, तर कोणाला दात घासण्यापासून प्रत्येक कामात सोबत लागते. अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे वर्णन प्रथम सविस्तर मांडले. तेव्हापासून समाजाच्या मनात स्वमग्नता म्हणजे लहान मुलांचा विषय असेच समीकरण बसले. परंतु मुले मोठी होतात. विशेष शाळेचे दिवस संपतात आणि अंगाने धिप्पाड, मनाने निरागस असा मुलगा दिवसभर घरी राहू लागतो. वडिलांना पेढी सुटत नाही, आईचे गुडघे दुखू लागलेले असतात. अशा घरात एक मदतनीस प्रवेश करतो. घरातील मंडळी त्याला ‘दादा’ म्हणतात, मदतनीस स्त्री असेल तर ‘मावशी’ किंवा ‘ताई’. नात्याचे नाव मिळते. कामाचे नाव मात्र क्वचितच मिळते.

या कामाचे मोल कळण्यासाठी कॅनर यांच्या त्या अकरा मुलांपैकी पहिल्याची हकिकत उपयोगी पडते. डोनाल्ड ट्रिप्लेट हा मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावचा मुलगा. १९४२ मध्ये आईवडिलांनी त्याला घरापासून सुमारे दहा मैलांवरील एका शेतकरी दांपत्याकडे राहावयास पाठविले. डोनाल्डला मोजमापाचे विलक्षण वेड होते. त्या दांपत्याने ते वेड मोडून काढण्याचा खटाटोप केला नाही. त्यांनी त्याला विहीर खणावयास लावली आणि तिची खोली मोजून सांगण्याचे काम दिले. तो मक्याच्या रांगा पुनःपुन्हा मोजू लागला, तेव्हा नांगर चालवीत असतानाच रांगा मोजण्यास त्यांनी त्याला सांगितले. कॅनर यांनी स्वतः तेथे जाऊन हे पाहिले आणि पुढे आपल्या लेखनात त्याची आवर्जून नोंद केली. डोनाल्डने १९५८ मध्ये पदवी घेतली, गावातील बँकेत नोकरी धरली आणि अनेक दशके तेथे काम केले. २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या घरची सांपत्तिक स्थिती चांगली होती आणि बँक त्यांच्या आजोळच्या मंडळींची होती, हेही खरे. तरीही मक्याच्या शेतातील त्या दोन माणसांचा वाटा त्यामुळे उणावत नाही.

मग उत्तम मदतनीस ओळखावा कसा? पहिली खूण म्हणजे तो कारण शोधतो. तरुणाने ताट भिरकावले, तर ‘हट्टी आहे’ असे म्हणून तो मोकळा होत नाही. त्या वेळी मिक्सर चालू होता का, पोट दुखत होते का, ताट रोजच्यापेक्षा वेगळे होते का, हे तो तपासतो. दुसरी खूण म्हणजे तो बदलाची पूर्वतयारी करतो. सूर्यास्तापूर्वी जेवण ही जैन घराची शिस्त अशा व्यक्तीस मानवते, कारण वेळ ठरलेली असते. पण पर्युषणात घरचा सारा क्रम बदलतो, पाहुणे येतात, पारण्याच्या दिवशी गर्दी होते. जाणकार मदतनीस आठवडाभर आधीपासून दिनदर्शिकेवर चित्रे लावून रोज दाखवीत राहतो.

तिसरी खूण म्हणजे तो हातातले काम हिरावून घेत नाही. शर्टाची बटणे लावण्यास पंधरा मिनिटे लागली, तरी तो थांबतो. स्वतः लावून दिली तर वेळ वाचेल, पण समोरच्याचे एक कौशल्य बुडेल, हे त्याला ठाऊक असते. चौथी खूण प्रतिष्ठेची. तो तिशीच्या माणसाशी बाळाप्रमाणे बोलत नाही, त्याच्यासमोर त्याच्याविषयी इतरांशी चर्चा करीत नाही आणि स्नानाच्या वेळी दार ओढून घेतो. पाचवी आणि सर्वांत कठीण खूण म्हणजे तो मालकाला सत्य सांगतो. ‘आज माझ्याकडून आवाज चढला,’ किंवा ‘शेठ, आपण घाई केलीत म्हणून तो चिडला,’ असे नम्रपणे सांगू शकणारा माणूस लाखमोलाचा समजावा.

अर्थात डोळे झाकून विश्वास टाकणे हाही शहाणपणा नव्हे. जी व्यक्ती आपली तक्रार शब्दांत सांगू शकत नाही, तिच्याबाबत अधिक दक्ष राहावे लागते. पोलीस पडताळणी, पूर्वीच्या घरांतील चौकशी आणि अधूनमधून अवचित भेट या गोष्टी टाळू नयेत. पण अंतिम साक्ष त्या व्यक्तीचीच असते. मदतनीस दारात येताच तिचा चेहरा खुलतो की आकसतो, हे रोज पाहणाऱ्या आईस कोणी शिकवावे लागत नाही.

व्यापारी कुटुंबांना या माणसाचे मोल एका उपमेने चटकन उमगावे. जुन्या पेढीवर मुनीमजी असत. कोणत्या गिऱ्हाइकास किती उधारी द्यावी, कोणाचा शब्द खरा, हे वहीत लिहिलेले नसे. ते मुनीमजींच्या डोक्यात असे. म्हणून शेठ त्यांना घरच्याप्रमाणे जपत. पाच-सहा वर्षे एकाच स्वमग्न व्यक्तीसोबत राहिलेला मदतनीस हा त्या माणसाचा मुनीमच होय. दूध कोणत्या पेल्यातून, कोणत्या आवाजाची भीती, झोप का उडाली, हा सारा हिशेब त्याच्यापाशी असतो. दोन हजार रुपये अधिक मिळतात म्हणून तो दुसरीकडे गेला, तर हा हिशेब त्याच्याबरोबर जातो आणि घरातील तरुण कित्येक महिने बिथरून जातो. पगारात वाचविलेली रक्कम आणि झालेले नुकसान यांचा ताळेबंद कोणत्याही व्यापाऱ्याने मांडून पाहावा.

कायद्याने या कामाची नोंद घेतली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे. काळजीवाहकाची त्यात स्वतंत्र व्याख्या असून, मोबदला घेऊन वा न घेता काळजी घेणारे सर्वजण, अगदी आईवडीलही, तीत येतात. ज्यांना अधिक आधाराची गरज आहे, त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही त्यात सुचविली आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाने मदतनिसांच्या प्रशिक्षणासाठी ‘सहयोगी’ ही योजना आणली. याच न्यासाची ‘निरामय’ योजना स्वमग्न व्यक्तीस एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण देते.

सन्मानाचा आरंभ मात्र घरातूनच व्हावयास हवा. कामाचे तास, साप्ताहिक सुटी आणि वार्षिक पगारवाढ लेखी ठरवावी. पगार बँक खात्यात जमा करावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला केवळ २० रुपयांत दोन लाखांचे अपघात संरक्षण मिळते; जीवन ज्योती योजनेत ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा मिळतो. मदतनीस १८ ते ४० वर्षांचा असून आयकर भरीत नसेल, तर त्याचे अटल पेन्शन योजनेत खाते उघडता येते. हे हप्ते मालकाने भरले तर त्याच्या खर्चात जाणवणारही नाहीत. मदतनिसाच्या घरी मात्र ते जाणवतील.

संघाच्या पातळीवरही पुष्कळ करता येईल. तपस्वींचे बहुमान कसे करावे, हे या समाजास सांगावे लागत नाही. आजारी व अशक्त साधूंच्या सेवेस, वैयावृत्त्यास, आभ्यंतर तपाचे स्थान देणारी ही परंपरा आहे. २ एप्रिलचा जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन किंवा ३ डिसेंबरचा आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिन यांपैकी एखाद्या दिवशी परिसरातील मदतनिसांचा सत्कार करता येईल. मात्र मानपत्रावर ‘निःस्वार्थ सेवा’ असे मोघम शब्द नकोत. ‘यांच्या प्रयत्नाने एक तरुण चार वर्षांत एकट्याने स्नान करू लागला,’ असे नेमके वाक्य असावे. काम नेमके सांगितले म्हणजे ऐकणाऱ्यासही ते कौशल्य म्हणून कळते.

या सर्वांच्या मुळाशी प्रत्येक पालकास रात्री जागा ठेवणारा एकच प्रश्न आहे: आमच्यानंतर काय? बदलापूरजवळील ‘आधार’ ही संस्था याच प्रश्नातून उभी राहिली. एम. जी. गोरे यांच्या पुढाकाराने पालकांनी एकत्र येऊन बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी हे निवासस्थान उभारले. पुढे नाशिक येथेही त्याची शाखा झाली. अशा घरांचा डोलारा शेवटी तेथे रात्रंदिवस राबणाऱ्या सेवकांवरच उभा असतो.

कागदपत्रांची व्यवस्थाही वेळेवर करावी. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालकत्वाचे प्रमाणपत्र देते. पनवेलकरांसाठी हे काम रायगड जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या अलिबागशी निगडित आहे. या प्रमाणपत्रावर बँका खाते उघडून चालवू देतात. पालक म्हणून नेमलेला भाऊ वा पुतण्या पैशाची काळजी वाहील. पण दूध स्टीलच्याच पेल्यातून लागते, हे त्याला कोण सांगणार?

त्यासाठी एक जाड वही आणावी. आई आणि मदतनीस यांनी मिळून तीत त्या व्यक्तीच्या सवयी, भीती, आवडी, औषधे आणि शांत करण्याचे उपाय लिहून काढावेत, दर दिवाळीस त्यात भर घालावी आणि पहिल्या पानावर त्या मदतनिसाचे पूर्ण नाव लिहावे. पाडव्याला नव्या वहीचे पूजन करणाऱ्या घरांत अशा एका वहीस जागा मिळणे अवघड नाही.