सीपी आणि लेझर: प्रकाशानं काय होतं, काय होत नाही

‘लेझर लावलं की मेंदूतली इजा भरून येते.’ सेरेब्रल पाल्सी, म्हणजे आपण ज्याला सीपी म्हणतो, त्याबद्दलचा हा सर्वांत महागात पडणारा समज. स्पॅस्टिक सीपीत इजा वाढत्या मेंदूला झालेली असते आणि तिथून चुकीचे आदेश आल्यानं स्नायू ताठरतात. पोटरीवर धरलेला प्रकाश मेंदूपर्यंत पोचत नाही. लाल आणि अवरक्त प्रकाश (साधारण ६०० ते १००० नॅनोमीटर) कातडीखाली थोड्याच खोलीपर्यंत जातो आणि पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात शोषला जातो. त्यातून वेदना आणि ताठरपणा काही काळ कमी होऊ शकतो.

म्हणून ही भोंदूगिरी आहे का? तसंही नाही. १९६७ मध्ये बुडापेस्टच्या एंड्रे मेस्टर यांनी सौम्य लेझर दिलेल्या उंदरांचे भादरलेले केस लवकर उगवल्याचं पाहिलं, तिथून हे शास्त्र सुरू झालं. कर्करोगाच्या उपचारांत तोंड सोलवटतं, त्यावर तर या प्रकाशाचा उपयोग चांगला सिद्ध झालाय. सीपीवरचे अभ्यास मात्र लहान आहेत. मुलं मोजकी, अवधी थोडा. काहींत ताठरपणा कमी झालेला दिसला, पण म्हणून मूल पुढे कायमचं बरं चालू लागतं, असं त्यावरून म्हणता येत नाही. तेव्हा हा उपचार घ्यायचाच तर व्यायामाच्या जोडीला घ्या, व्यायामाऐवजी नको. लेझर असेल तर डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ‘फिजिओ म्हणजे पाय ओढणं आणि मालिश’ हाही गैरसमजच. ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सीपीवरच्या उपचारांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यात नुसत्या हातानं ताणण्याला कमी गुण मिळाले. जमेच्या बाजूला होता मुलानं स्वतः केलेला, ठरवलेल्या कामाचा सराव: उदाहरणार्थ, बसची पायरी चढणं, स्वतःचा शर्ट घालणं. मूल टेबलावर पडून आणि मोठी माणसं घाम गाळतायत, अशी थेरपी दिसली तर प्रश्न विचारायला हवा. ताठरपणासाठी बोटुलिनम इंजेक्शन आणि प्लास्टर यांनाही चांगला आधार आहे. आणि खुब्याचा एक्स-रे! सीपीत खुबा हळूहळू, बिनबोभाट सरकू शकतो. लेझरच्या पुढच्या सत्राआधी हा एक्स-रे वेळेवर काढलाय का, हे मी आधी पाहीन.

‘बाळाला काविळीसाठी दिव्याखाली ठेवलं, म्हणून सीपी झाला’ असंही म्हणतात. हे उलटं आहे. कावीळ फार वाढून उपचार झाले नाहीत, तर बिलिरुबिन मेंदूला इजा करतं; त्या दिव्याचा निळा प्रकाश तेच टाळतो. त्या इजेतून होणारा सीपी बहुधा अनावर हालचालींचा असतो, ताठर प्रकारचा नव्हे.

‘थांबू, उशिरा चालेल’ हा सल्ला मायेचा, पण वेळ खाणारा; कमी वजनाच्या बाळांबाबत तर जास्तच. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मध्ये नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा त्यांच्या वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत केला. अशा बाळांची तपासणी घरी सोडल्यावर संपत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात सीपी येतो. त्याची मर्यादा एक लाख रुपये, आणि त्यात थेरपीचाही वाटा आहे. आधी अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून घ्या.